गोधडी आणि फ्लीस

जुनी लुगडी व धोतरे यांचे थर धावदोऱ्याने शिवून मराठी घरांत गोधडी तयार होते. मात्र कोपर्निकस मार्गावरील जुन्या महाराष्ट्र सदनाच्या परिसरात, दिल्लीच्या जानेवारीत, ती अपुरी पडते. अशा वेळी तिच्या आत फ्लीसचा थर घालता येतो. पॉलिएस्टरच्या या लवदार कापडात हवा अडकते. त्यामुळे ते हलके असूनही ऊब देते व लवकर वाळते. त्याची वीण ताणली जाते, म्हणून आधी कच्चे टाके घालावेत. आगीजवळ ते वितळते आणि धुताना त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात मिसळतात. म्हणून आतला थर फ्लीसचा असला, तरी अंगालगत आजीचे सुती लुगडेच असावे.

विचार करा : गोधडीत जुनेच कापड का वापरत असत?