आवृत्ती पाहून पान उघडावे

पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मिळून २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला. परंतु डेटाबेसचा खरा जाणकार हवा असल्यास अजूनही बहुधा नागपूरकडेच पाहावे लागते. त्यामुळे आमच्याकडील लहान संस्थांत ज्या कारकुनाच्या हवाली संगणक असतो, त्यालाच अडचणीच्या वेळी डेटाबेसचा माहितीग्रंथ उघडून उत्तर शोधणे भाग पडते. अशा माणसांच्या उपयोगी पडावी म्हणून ही हकीकत लिहीत आहे.

सौंसरकडील संत्रा-बागाईतदारांच्या एका संस्थेची सभासद-नोंदवही पोस्टग्रेस ह्या डेटाबेसच्या अकराव्या आवृत्तीत ठेवलेली होती. यंत्रावरील उबंटू प्रणाली १८.०४ वरून २०.०४ वर नेण्यात आली आणि त्यानंतर काही दिवसांतच मला बोलावणे आले. "भाऊ, यादीत माणूस आहे, अन् शोधला तं नाही म्हणते," असे तेथील कारकुनाने सांगितले, आणि ते अक्षरशः खरे होते. क्रमांक घालून शोध घेतला असता नोंद सापडत नसे, संपूर्ण यादी छापली असता तीच नोंद आपल्या जागी दिसे. आणि ह्याहून गंभीर गोष्ट अशी की, सभासद नवा समजून पुन्हा नोंदविला असता, एक क्रमांक दोनदा येऊ नये असा निर्बंध घातलेला असतानाही यंत्र ती नोंद निमूटपणे स्वीकारीत असे.

देखभालीचे काम ज्यांच्याकडे होते त्यांनी माहितीग्रंथ पाहिला नव्हता असे नाही. अक्षरांच्या अनुक्रमाचे नियम, ज्यांना कोलेशन म्हणतात, ते प्रणालीबरोबर बदलले तर पोस्टग्रेस इशारा देते, असे त्यांनी त्यात वाचले. इशारा कोठेच उमटलेला नव्हता. सबब कोलेशनचा संबंध नाही असा निष्कर्ष काढून त्यांनी डिस्क निकामी झाल्याचे ठरविले आणि नवीन डिस्कच्या खरेदीची तजवीज सुरू केली. वाचलेले वाक्य खरे होते, परंतु ते पान अद्ययावत आवृत्तीचे होते. संपूर्ण डेटाबेसच्या मूळ कोलेशनवर लक्ष ठेवून इशारा देण्याची सोय २०२२ साली पंधराव्या आवृत्तीत आली, आणि संस्थेच्या यंत्रावर तर अकरावी चालत होती.

दोषाचे मूळ उबंटूतील ग्लिबसी ह्या पायाभूत लायब्ररीत होते. २०१८ साली निघालेल्या तिच्या २.२८ ह्या आवृत्तीत अनुक्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. नेहमीच्या इंग्रजी लोकेलात, म्हणजे भाषेच्या मांडणीत, इंग्रजी अंकांतील '११' हा पूर्वी '१-१' च्या आधी येत असे, तो नंतर येऊ लागला. संस्थेचे क्रमांक गावाचा अंक, आडवी रेघ आणि सभासदाचा अंक अशाच घडणीचे होते. इंडेक्स, म्हणजे शोधासाठीची सूची, जुन्या क्रमाने रचलेला आणि शोध नव्या क्रमाने चाललेला, अशा स्थितीत यंत्र उजवीकडे वळण्याच्या ठिकाणी डावीकडे वळते आणि समोर असलेली नोंद नाही म्हणून सांगते.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, ग्रंथ उघडण्यापूर्वी यंत्रालाच 'सिलेक्ट व्हर्जन' असे विचारून आवृत्तीचा आकडा कागदावर लिहून घ्यावा. तहसिलीतून खसऱ्याची नक्कल मागताना आपण मौजा, पटवारी हलका आणि साल आधी सांगतो, तोच जाबता येथे पाळावा. दहाव्या आवृत्तीपूर्वी ९.५ आणि ९.६ ह्या दोन स्वतंत्र मुख्य आवृत्त्या होत्या. दहापासून मात्र पहिला आकडाच मुख्य आवृत्ती दर्शवितो, हेही ध्यानात असावे. गूगलवर शोधले असता कधी फार जुने, कधी अगदी ताजे पान पुढे येते. पानाच्या शिरोभागी इतर आवृत्त्यांचे दुवे दिलेले असतात, त्यांतून आपली निवडून मगच पहिले वाक्य वाचावे. नेट वारंवार खंडित होणाऱ्या ठिकाणी त्याच आवृत्तीचा पीडीएफ ग्रंथ उतरवून ठेवावा. शिवाय पोस्टग्रेसला आज्ञा देण्याच्या पीएसक्यूएल ह्या साधनामध्ये उलटी तिरपी रेघ, एच आणि आज्ञेचे नाव लिहिले की तिची रचना नेटवाचून समोर येते, आणि ती चालू असलेल्या पीएसक्यूएलच्याच आवृत्तीची असते.

दुसरी गोष्ट ग्रंथाच्या रचनेची. आपण लक्षणाच्या शब्दांत शोधतो, 'नोंद सापडत नाही' असे लिहितो. ग्रंथकारांनी मात्र विषय आज्ञांच्या आणि घटकांच्या नावांखाली लावलेले असतात. इंडेक्सवरील प्रकरण मी प्रथम चाळले, त्यात इंडेक्स कसा करावा हे विस्ताराने होते. अनुक्रम बदलल्यास इंडेक्स बिघडतो आणि तो नव्याने रचावा लागतो, हे वाक्य 'आल्टर कोलेशन' ह्या आज्ञेच्या पानावर, तळाच्या टिपांत मिळाले. आणि लक्षण व कारण ह्यांचा स्पष्ट संबंध जोडलेला आढळला तो परिशिष्टातील 'ॲमचेक' ह्या जोड-साधनाच्या वर्णनात, जेथे अडचणीत सापडलेला वाचक सहसा पोहोचतच नाही. आज्ञांच्या संदर्भ-विभागातील टिपा, परिशिष्टे आणि अखेरची शब्दसूची ह्या तीन जागा पाहिल्याखेरीज ग्रंथात उत्तर नाही असे कोणी म्हणू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे.

ॲमचेकने इंडेक्सचा दोष तत्काळ दाखविला. डिस्क धडधाकट होती. तरीही इंडेक्स नव्याने रचणारी 'रीइंडेक्स' ही आज्ञा लगेच देऊन चालत नाही, कारण दुबार क्रमांक शिल्लक असतील तर निर्बंधाचा इंडेक्स पुन्हा रचलाच जात नाही. आधी संपूर्ण प्रत बाजूला काढावी, मग इंडेक्सचा वापर तात्पुरता बंद करून दुबार नोंदी हुडकाव्यात, कारण बिघडलेला इंडेक्स त्याही लपवितो. आमच्या येथे एकाच सभासदाच्या दोन्ही नोंदींखाली हप्ते जमा झालेले होते. त्यांचा मेळ कारकुनाने जपून ठेवलेल्या पावती-पुस्तकांवरून एकेक करून घातला, आणि तो पुरा झाल्यावरच रीइंडेक्स विनातक्रार पार पडले.