नमुना नीट, तर अहवाल खरा
पाणी आणि माती तपासणीला पाठवताना घ्यायची काळजी



हरभरा, ज्वारी घरात आली. रानं मोकळी झाली. विहिरींचं पाणी खाली चाललंय. मातीचा नमुना घ्यायला वर्षातली सगळ्यात चांगली वेळ हीच. पाण्याची तपासणीही याच दिवसांत एकदा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा एकदा करायला हवी. म्हणून या अंकाचा पाठ आहे नमुन्यांचा. ते कसे घ्यायचे, कसे जपायचे आणि प्रयोगशाळेत वेळेवर कसे पोचवायचे, हे आपण बघू.

गटाच्या बैठकीत ताई सांगतात, "माती तपासली होती, पण कार्डावर आलं ते आमच्या रानाशी जुळत नाही." कुणी म्हणतं, "पाणी पिण्यायोग्य असा कागद आला, तरी लेकरांची पोटं बिघडतातच." मग आपण प्रयोगशाळेला बोल लावतो. पण प्रयोगशाळा काय तपासते? आपण दिलेली बाटली आणि आपण दिलेली पिशवी. तुमची विहीर, तुमचं रान तिला दिसत नाही. नमुना चुकला की यंत्र कितीही चांगलं असो, अहवाल चुकणारच.

नमुना वाटेत का बदलतो?

सकाळी काढलेलं दूध दुपारपर्यंत उन्हात ठेवून डेअरीत नेलं तर काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. पाण्याचं आणि मातीचंही तसंच आहे. फरक एवढाच की नासलेलं दूध दिसतं, बदललेलं पाणी दिसत नाही.

पाण्यातले जंतू बाटलीतही जिवंत असतात. उष्णतेत काही वाढतात, काही मरतात. पाण्यात टीसीएल टाकलेलं असेल तर त्यातला क्लोरीन बाटलीतही जंतू मारत राहतो. म्हणजे तुमच्या नळाला जंतू असले तरी प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बाटलीतलं पाणी "चांगलं" होऊन बसतं. ओल्या मातीतही जिवाणूंचं काम चालू असतं. ओली माती प्लॅस्टिकच्या पिशवीत आठवडाभर कोंडली, तर तिच्यातल्या नत्राचं प्रमाण बदलतं.

तेरच्या गोरोबाकाकांनी थापटी मारून कोणतं मडकं पक्कं आणि कोणतं कच्चं ते ओळखल्याची गोष्ट आपल्या जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पाण्याला तशी थापटी लावता येत नाही. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. फ्लोराईडचंही तेच. म्हणून नमुना जपावा लागतो.

पाण्याचे नमुने दोन, बाटल्याही दोन

पाण्याची तपासणी दोन प्रकारची असते. एक जंतूंची, म्हणजे अणुजैविक. दुसरी क्षार, नायट्रेट, फ्लोराईड यांची, म्हणजे रासायनिक. एकाच बाटलीत दोन्ही होत नाही.

जंतूंच्या तपासणीची बाटली

१. ही बाटली प्रयोगशाळेतूनच आणायची. ती निर्जंतुक केलेली असते. तिच्यात क्लोरीनचा परिणाम थांबवणारं औषध असतं. म्हणून ती विसळायची नाही. विसळली की औषध गेलं.

२. नळाला बांधलेलं फडकं किंवा रबरी पाइप काढा. तोटी पुसून घ्या. पाणी दोन-तीन मिनिटं वाहू द्या. लोखंडी किंवा पितळी तोटी असेल तर स्पिरिटच्या बोळ्याने जाळून घेतात. प्लॅस्टिकची असेल तर स्पिरिटने नुसती पुसा. हापसा असेल तर आधी काही मिनिटं हापसून साचलेलं पाणी काढून टाका.

३. विहिरीचं पाणी काठावरून किंवा वरच्या तवंगातून घेऊ नका. बाटलीला स्वच्छ दोरी आणि वजन बांधून ती पाण्याखाली फूटभर सोडा.

४. झाकण हातातच धरा, जमिनीवर ठेवू नका. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. बाटली काठोकाठ भरू नका, वर बोटभर जागा ठेवा.

५. लगेच बर्फात ठेवा. थर्माकोलचा डबा मेडिकल दुकानात मागितला तर मिळतो. बर्फ पिशवीत बांधून घाला, म्हणजे वितळलेलं पाणी बाटलीत शिरणार नाही. लसीकरणाचा डबा मात्र यासाठी वापरू नका.

६. फ्रीजरमध्ये ठेवू नका. पाणी गोठलं की जंतू मरतात, काचही तडकते. साधारण ४ अंश सेल्सिअसचा गारवा पुरे.

७. शक्यतो ६ तासांत प्रयोगशाळेत पोचवा. बर्फात ठेवूनही २४ तासांपेक्षा जास्त उशीर नको.

रासायनिक तपासणीचा कॅन

इथे उलटं आहे. एक-दोन लिटरचा नवा, स्वच्छ प्लॅस्टिक कॅन घ्या आणि ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा त्याच पाण्याने तीन वेळा विसळा. मग काठोकाठ भरा. आत हवा राहिली की पाण्याचा सामू, म्हणजे आम्ल-विम्लपणा, बदलू शकतो. रॉकेल, तेल, औषध किंवा कोल्ड्रिंकची बाटली कितीही धुतली तरी चालणार नाही. कॅन सावलीत, गार जागी ठेवा आणि होईल तेवढ्या लवकर पोचवा. नायट्रेट बघायचं असेल तर हाही कॅन बर्फातच न्या.

नाल्यात कारखान्याचं सांडपाणी किंवा मळी आल्याचा संशय असेल, तर नमुना घेण्याआधीच प्रयोगशाळेला सांगा. जड धातूंच्या नमुन्यात आम्ल घालावं लागतं, तेलकटपणा तपासायला काचेची बाटली लागते. ते आम्ल घरी हाताळू नका. बाटली तिथूनच तयार करून घ्या.

एक तपासणी मात्र जागेवरच करायची, ती म्हणजे ओटी टेस्ट. क्लोरीन बाटलीत टिकत नाही, म्हणून नळाशीच बघायचं. नळाच्या पाण्यात कमीत कमी ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन शिल्लक दिसला पाहिजे.

गावातला किट आणि प्रयोगशाळा

२०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीच्या किटचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं आहे. तुमच्या गावात त्या कोण आहेत, ते ग्रामपंचायतीत विचारा. आपल्या गटातलीच एखादी असेल.

किटमधली रसायनं उन्हात ठेवू नका आणि मुदतीची तारीख बघूनच वापरा. जंतूंच्या बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून ती २४ ते ४८ तास घरात उबदार जागी ठेवायची. पाणी काळं झालं तर ते पिऊ नये. पण किट फक्त इशारा देतो. पक्कं उत्तर प्रयोगशाळाच देते. किटमध्ये खोट दिसली की नमुना पाठवायलाच हवा.

अर्धा किलो माती, नऊ लाख किलोची साक्ष

एका एकरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन सुमारे ९ लाख किलो भरतं. आपण त्यातली अर्धा किलो पाठवतो. सेंद्रिय कर्ब मोजायला प्रयोगशाळा त्यातली एखादा ग्रॅमच वापरते. त्या एका ग्रॅमवरून सगळ्या रानाच्या खताचा हिशोब होतो. म्हणून एकाच जागेवरची ओंजळभर माती उचलून चालत नाही.

१. रानाचे भाग पाडा. काळी भारी जमीन, मुरमाड जमीन, चोपण जमीन यांचे नमुने वेगळे. बागायत आणि कोरडवाहूही वेगळं.

२. नागमोडी चालत १० ते १५ जागा निवडा. बांधाजवळ, झाडाखाली, विहिरीजवळ, पाणी साचतं तिथे, उकिरड्याच्या किंवा शेणखताच्या ढिगाच्या जागी नमुना घेऊ नका. नुकतंच खत टाकलं असेल तर दोन-तीन महिने थांबा.

३. वरचा पालापाचोळा बाजूला करा. इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या. आतली माती काढून टाका. मग खड्ड्याच्या बाजूने वरून खालपर्यंत बोटभर जाडीचा काप घ्या. फळबागेसाठी जास्त खोल जावं लागतं. त्यासाठी ०-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंटिमीटरचे थर वेगवेगळे ठेवा.

४. जस्त, लोह असे सूक्ष्म घटक बघायचे असतील तर गंजकं खुरपं आणि लोखंडी घमेलं नको. लाकडी खुंटी आणि प्लॅस्टिकची पाटी घ्या.

५. सगळ्या जागांची माती एकत्र करा. ढेकळं फोडा, खडे आणि मुळ्या वेचा. गोल पसरून भाकरीसारखे चार भाग करा. समोरासमोरचे दोन टाका, दोन ठेवा. अर्धा किलो उरेपर्यंत असंच करत राहा.

६. माती सावलीत वाळवा, कडक उन्हात किंवा चुलीशेजारी नाही. स्वच्छ कापड किंवा कागद अंथरा. खताचं पोतं अंथराल तर त्यातलं खतच मोजलं जाईल.

७. वाळल्यावर कापडी पिशवीत भरा. पिशवी खताच्या, बियाण्यांच्या किंवा औषधांच्या खोलीत ठेवू नका.

मृदा आरोग्य कार्ड योजना २०१५ पासून सुरू आहे. कार्डावर बारा घटक असतात. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. गावातल्या कृषी सखीला बरोबर घेतलं तर हे काम सोपं जातं.

चिठ्ठीशिवाय नमुना म्हणजे नुसतं पाणी, नुसती माती

नमुन्यावर ही माहिती हवीच:

- गाव, तालुका
- पाण्यासाठी: विहीर, बोअर, हापसा की नळ, आणि नेमकी जागा
- मातीसाठी: शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, खोली, आधीचं पीक, पुढचं पीक
- नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ
- पाण्यात टीसीएल टाकलं होतं का, कधी
- नमुना घेणाऱ्या ताईचं नाव

चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. जेल पेनची शाई बर्फाच्या पाण्याने पसरते. मातीच्या पिशवीत एक चिठ्ठी आत आणि एक बाहेर. पाण्याच्या बाटलीत चिठ्ठी कधीही टाकू नका, बाहेरूनच चिकटवा. हीच माहिती गटाच्या वहीतही उतरवून ठेवा.

दिवस आधी ठरवा, मग बाटली भरा

परंडा, भूम किंवा उमरग्याच्या गावातून धाराशिवला यायचं तर अर्धा दिवस वाटेतच जातो. म्हणून आधी फोन करून नमुने कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत घेतात आणि फी किती, ते विचारा. नमुना पहाटे घ्या आणि पहिली एसटी पकडा. शनिवारी किंवा सणाच्या आदल्या दिवशी जंतूंचा नमुना घेऊ नका. बंद दारासमोर बर्फ वितळून जाईल. पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका.

पाण्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा आहे. गावातून नमुने पाठवण्याचं काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे असतं. त्यांच्याबरोबर जा आणि नमुना कसा घेतात ते बघा. मातीसाठी कृषी विभागाची मृद चाचणी प्रयोगशाळा आहे. तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रातही चौकशी करता येते.

अहवाल कसा वाचायचा?

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० आहे. त्यातले हे आकडे वहीत लिहून ठेवा:

- सामू: ६.५ ते ८.५
- नायट्रेट: ४५ मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत, त्यापुढे सूट नाही
- फ्लोराईड: १ पर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत
- एकूण कठीणपणा: २०० पर्यंत चांगला, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत
- ई-कोलाय जंतू: १०० मिलिलिटर पाण्यात एकही नको

नायट्रेट जास्त असेल तर पाणी उकळून उपयोग नाही. उकळल्याने पाणी आटतं आणि नायट्रेट उलट दाट होतं. तान्ह्या बाळाला वरचं दूध अशा पाण्यात कालवून देऊ नका. त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद कमी होते. जंतू सापडले असतील तर मात्र पाणी खळखळून उकळणं आणि योग्य प्रमाणात टीसीएल टाकणं, दोन्ही कामाला येतात.

एवढी खटपट कशासाठी?

अहवाल हा पुरावा आहे. विहिरीशेजारचा उकिरडा हलवा, गळकी पाइपलाइन दुरुस्त करा, दुसरा स्रोत द्या, असं आपण ग्रामसभेत म्हणतो तेव्हा पहिला प्रश्न येतो, "नमुना कुणी घेतला, कसा घेतला?" बाटली कोल्ड्रिंकची होती, दोन दिवस घरात पडून होती, चिठ्ठीवर वेळ नव्हती, एवढं निघालं की आपलं म्हणणं तिथेच संपतं. मग पाणी खराब असूनही आणखी एक उन्हाळा तसाच जातो. पण वेळ, जागा, बर्फ आणि पोच सगळं वहीत असेल, तर तो कागद कुणाला बाजूला सारता येत नाही.

मातीचंही तेच. गटाच्या कर्जातून खत घेताना चुकीच्या अहवालावर एक पोतं जरी जास्त गेलं, तरी हप्ता आपल्यालाच फेडायचा आहे.

या महिन्याचं काम

१. ग्रामसंघाच्या बैठकीत हा पाठ मोठ्याने वाचा.
२. गावातले पिण्याच्या पाण्याचे सगळे स्रोत वहीत लिहा. प्रत्येकाची शेवटची तपासणी कधी झाली, ते ग्रामपंचायतीत विचारून पुढे नोंदवा.
३. प्रत्येक गटातून निदान एका ताईच्या रानाचा नमुना सगळ्यांनी मिळून घ्या. एकदा हाताने केलं की विसरत नाही.
४. पाण्याचा नमुना न्यायचा दिवस आणि नेणाऱ्या दोघींची नावं त्याच बैठकीत ठरवा.

पावसाळा लागायच्या आत मातीचे नमुने पोचले, तर पेरणीआधी कार्ड हातात येईल. पुढच्या अंकात आपण हेच कार्ड समोर ठेवून सोयाबीन आणि तुरीच्या खताचा हिशोब करायला शिकू. तुमचे अहवाल जपून ठेवा, तेव्हा लागतील.