पृष्ठभागाला चाटून जाणारे क्ष-किरण : त्यांचे चित्र कसे वाचावे?

ग्रंथालयातील एखादे कपाट डोळ्यांपुढे आणावे. त्यात एकावर एक फळ्या आहेत आणि प्रत्येक फळीवर पुस्तके उभी आहेत. एका पानावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असे जावयाचे झाल्यास आपला मार्ग आडवा, जमिनीला समांतर राहील. आता हेच कपाट कुशीवर पाडले तर? पाने तीच, फळ्याही त्याच. परंतु पानापानांतून जाणारा मार्ग आता जमिनीकडून छताकडे जाईल.

विद्युत् वाहून नेणाऱ्या काही बहुवारिकांच्या पातळ पटलांत नेमका हाच प्रश्न उद्भवतो. केंब्रिजचे हेनिंग सिरिंगहाउस व त्यांचे सहकारी यांनी १९९९ मध्ये पॉली-३-हेक्झिलथायोफीन या पदार्थाच्या पटलांपासून ट्रान्झिस्टर तयार केले. या पदार्थाचे साखळीसारखे रेणू पुस्तकाच्या पानांप्रमाणे एकमेकांना लागून बसतात. त्यांच्यातील अंतर सुमारे ०·३८ नॅनोमीटर असते. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षांश.) अशा चळतींचे जे थर पडतात त्यांच्यातील अंतर, म्हणजे आपल्या कपाटातील फळी-फळीमधील अंतर, सुमारे १·६ नॅनोमीटर असते. ट्रान्झिस्टरमध्ये प्रवाह पटलाला समांतर वाहतो. ‘उभे कपाट’ व ‘पाडलेले कपाट’ या दोन रचनांमध्ये प्रभारवाहकांच्या गतिशीलतेत शंभर पटींहून अधिक फरक पडतो, असे या संशोधकांना आढळले.

तेव्हा कपाट उभे आहे की पडलेले, हे कसे ओळखावे? त्याचा निर्णय क्ष-किरणांच्या चित्रावरून करतात. ते चित्र कोणत्या क्रमाने वाचावे व कोठे फसगत होते, हे या पाठात पाहू.

किरण तिरपे का पाडावयाचे?

पटलाची जाडी पुष्कळदा पन्नास नॅनोमीटरच्या आसपास असते, तर त्याखालील सिलिकॉनची चकती सुमारे अर्धा मिलिमीटर, म्हणजे दहा हजार पट जाड असते. किरण सरळ आरपार सोडले तर चकतीच्या गोंगाटात पटलाचा क्षीण आवाज बुडून जातो.

यातून वाट निघते ती क्ष-किरणांच्या एका गुणधर्मामुळे. पदार्थांमध्ये त्यांचा वक्रीभवनांक एकापेक्षा किंचित कमी असतो. त्यामुळे अतिशय लहान कोनाने पृष्ठभागावर पडलेले क्ष-किरण आत न शिरता जवळजवळ पूर्णपणे परावर्तित होतात. हे आर्थर कॉम्प्टन यांनी १९२३ मध्ये दाखवून दिले. ज्या कोनाखाली असे घडते त्यास क्रांतिक कोन म्हणतात. ०·१५४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांसाठी सिलिकॉनचा क्रांतिक कोन सुमारे ०·२२ अंश आहे. सेंद्रिय बहुवारिकांचा तो त्याहून कमी, ०·१६ अंशाच्या आसपास असतो. आपाती कोन या दोहोंच्या मध्ये, समजा ०·१८ अंश ठेवला, तर किरण पटलात सर्वत्र पोचतात, परंतु सिलिकॉनवरून मागे परततात. कोन ०·१६ अंशाहून कमी केल्यास पटलाचे केवळ वरचे काही नॅनोमीटर उजळतात.

पटलातील स्फटिककणांवरून विखुरलेले किरण समोरच्या सपाट डिटेक्टरवर पडतात. रचना सर्व दिशांना विस्कळीत असेल तर वर्तुळे उमटतात, काहीशी सुसूत्र असेल तर कमानी आणि अत्यंत सुसूत्र असेल तर ठिपके. थरांचा ठिपका उभ्या दिशेने व पानांचा ठिपका आडव्या दिशेने दिसला तर कपाट उभे आहे. याच्या उलट दिसल्यास ते पडलेले आहे. वाचन इतके सोपे वाटते खरे. पण त्याआधी पुढील चार गोष्टी पारखून घ्याव्या लागतात.

पहिली पायरी : मोजपट्टी

डिटेक्टर फक्त ठिपक्याचे स्थान सांगतो. त्यावरून अंतर काढावयाचे ते ब्रॅग यांच्या १९१३ च्या नियमाने : तरंगलांबी = २ × थरांतील अंतर × कोनाची ज्या. किरण आपल्या मूळ दिशेपासून जितका वळतो त्याच्या निम्मा हा कोन असतो.

समजा, नमुन्यापासून डिटेक्टर २०० मिलिमीटरवर आहे आणि मूळ किरणाच्या जागेपासून ठिपका १८·८ मिलिमीटरवर आहे. भागाकार ०·०९४ येतो. म्हणून किरण ५·३७ अंश वळला. निम्मा कोन २·६९ अंश. त्यावरून थरांतील अंतर १·६४ नॅनोमीटर येते. आता डिटेक्टरचे अंतर चुकून २१० मिलिमीटर धरले तर तेच उत्तर १·७३ येईल. पदार्थ मुळीच फुगलेला नाही. चुकली आहे ती आपली मोजपट्टी. म्हणून प्रथम ज्याची रचना पक्की माहीत आहे अशा पदार्थाचे चित्र घेतात. सिल्व्हर बेहेनेट हा तसा पदार्थ असून त्याच्या थरांतील अंतर ५·८३८ नॅनोमीटर आहे. त्याच्या वर्तुळांवरून डिटेक्टरचे अंतर व चित्राचा मध्य निश्चित करतात.

दुसरी पायरी : किरणाचा पायठसा

०·१ मिलिमीटर उंचीची शलाका ०·२ अंशाने पडली तर ती पृष्ठभागावर सुमारे २९ मिलिमीटर लांब पसरते. दहा मिलिमीटरचा नमुना तिने पूर्ण व्यापला जातो. नमुन्याचे पुढचे टोक डिटेक्टरला जवळ, मागचे दूर. म्हणून एकच ठिपका निरनिराळ्या जागी उमटून रुंद दिसतो. ठिपक्याच्या रुंदीवरून स्फटिककणांचा आकार काढतात : रुंदी जितकी जास्त, कण तितका लहान. पायठशामुळे आलेली रुंदी वजा न करणारा विद्यार्थी कण आहेत त्याहून लहान ठरवून बसतो. नमुना किरणाच्या दिशेने अरुंद कापणे हा त्यावरचा साधा उपाय होय.

तिसरी पायरी : आगंतुक खुणा

चित्रातील प्रत्येक उजळ खूण स्फटिकाचीच असते असे नाही. बाहेर पडणाऱ्या किरणाचा पृष्ठभागाशी असलेला कोन क्रांतिक कोनाइतका झाला की तेथे एक उजळ पट्टी दिसते. ती योनेदा यांनी १९६३ मध्ये नोंदविली. शिवाय सिलिकॉनवरून परतलेला किरण पटलातून पुन्हा जातो आणि आपले वेगळे चित्र काढतो. त्यामुळे एकाच थररचनेचे दोन ठिपके एकाखाली एक दिसू शकतात. अशा वारंवार परावर्तनांचा हिशेब करण्याची पद्धत सुनील सिन्हा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये सविस्तर मांडली. प्रत्यक्ष कामात एक पडताळा फार उपयोगी पडतो. आपाती कोन किंचित वाढवून चित्र पुन्हा घ्यावे. जोडठिपक्यांमधील अंतर वाढले तर ती दोन रचनांची खूण नसून परावर्तनाची करामत आहे, असे समजावे.

चौथी पायरी : जे दिसत नाही ते

सर्वांत मोठी फसगत येथेच होते. थरांवर किरण ब्रॅगच्या नियमाने ठरलेल्या कोनानेच पडला तर ठिपका उमटतो. ०·३८ नॅनोमीटर अंतरासाठी हा कोन ११·७ अंश आहे. कपाट पूर्णपणे पडलेले असेल तर पाने पृष्ठभागाला तंतोतंत समांतर असतात, आणि किरण तर त्यांच्यावर अवघ्या ०·१८ अंशाने पडतो! म्हणजे अशा पानांचा ठिपका या मांडणीत दिसणारच नाही. उभ्या अक्षाच्या दोन्ही बाजूंना सुमारे साडेअकरा अंशांचा प्रदेश चित्रात येतच नाही. संगणकाने चित्राचे रूपांतर नीट केले की तेथे काळी पाचर दिसते. रूपांतर न करता पाहणाऱ्यास ती पाचर आहे याचा पत्ताही लागत नाही. ‘दिसले नाही, म्हणून नाही’ असा निष्कर्ष येथे काढू नये. नमुना ११·७ अंशांपर्यंत वळवून वेगळे मापन करावे.

याच्याच जोडीला आणखी एक दुरुस्ती आहे. पृथ्वीच्या गोलावर ध्रुवाजवळची अक्षवृत्ते लहान असतात व विषुववृत्ताजवळची मोठी. उभ्या अक्षापासून कललेले स्फटिककण अशाच वर्तुळांवर पसरलेले असतात. चित्रात मात्र प्रत्येक वर्तुळावरचे थोडेच कण सापडतात. म्हणून मोजलेल्या तीव्रतेस कलण्याच्या कोनाच्या ज्येने गुणावे लागते. १० अंशांसाठी ही ज्या ०·१७ आहे, तर ८० अंशांसाठी ०·९८. दुरुस्ती न केल्यास पडलेली कपाटे उभ्या कपाटांच्या मानाने पाचपटींहूनही अधिक भासतील.

उपसंहार

आपल्या देशात इंदूर येथे इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन आहे. अशा यंत्राचा प्रखर किरण लाभला म्हणजे चित्र थोड्या वेळात मिळते. ते समजून घेण्यास मात्र पुष्कळ दिवस लागतात. तो वेळ वाया गेला असे समजू नये. मोजपट्टी, पायठसा, आगंतुक खुणा आणि न दिसणारी पाचर या चारही गोष्टी पारखल्यावर जे उरते तेवढेच पदार्थाचे म्हणणे होय. निष्कर्ष लिहिताना आपाती कोन, तरंगलांबी व नमुन्याची लांबी यांचाही उल्लेख करावा, म्हणजे दुसऱ्यास तो तपासता येईल.

अभ्यासासाठी : वर दिलेल्याच मांडणीत, डिटेक्टर २०० मिलिमीटरवर असताना, आडव्या दिशेला ८६·५ मिलिमीटरवर ठिपका मिळाला. तो कोणत्या अंतराचा? आणि हे कपाट उभे आहे की पडलेले?