शेततळ्याचा हिशेब आणि शेतकऱ्याचा विश्वास

मृद व जलसंधारणाचे उपाय शास्त्रज्ञांना ज्ञात झाले, म्हणजे ते शेतात उतरले असे होत नाही. उपाय आपल्या जमिनीस मानवतो आणि त्यात घातलेला पैसा परत येतो, अशी खात्री पटल्यावाचून शेतकरी तो स्वीकारीत नाही. त्याची ही सावधगिरी म्हणजे अज्ञान नव्हे.

समपातळी बांधांचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. हलक्या व मध्यम जमिनीत हे बांध उपकारक ठरतात. परंतु भारी काळ्या जमिनीत पाणी मंदगतीने मुरते. बांधालगत ते तुंबून पीक पिवळे पडते. असे बांध अनेक ठिकाणी शेतकऱ्यांनीच नांगरून टाकले. काळ्या जमिनीस जादा पाणी सावकाश बाहेर नेणारे ढाळीचे बांध आणि रुंद वरंबा-सरी अधिक मानवतात. मग बाहेर जाणाऱ्या या पाण्याचे काय करावयाचे, हा प्रश्न उरतो.

देवासचा प्रयोग

भोपाळच्या पश्चिमेस, माळव्याच्या पठारावरील देवास जिल्ह्याने त्याचे एक उत्तर शोधले. कूपनलिकांच्या अतिरेकी उपशाने तेथील भूजल खोल गेले होते. 1990 च्या सुमारास देवास शहरास रेल्वेने पाणी पुरविण्याची पाळी आली. 2006 मध्ये तत्कालीन जिल्हाधिकारी श्री. उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांपुढे एक विचार मांडला: आपल्या जमिनीचा सुमारे दहावा हिस्सा तळ्यासाठी द्यावा व पावसाचे पाणी शेतातच साठवावे.

प्रारंभी मोठ्या शेतकऱ्यांशी बोलणी झाली, कारण उपसा त्यांचाच अधिक होता आणि जोखीम पत्करण्याची ऐपतही त्यांच्यापाशी होती. धर्मकार्य म्हणून नव्हे, तर नफ्यातोट्याचा व्यवहार म्हणून हा विषय त्यांच्यापुढे ठेवण्यात आला. टोंककला, धतुरिया यांसारख्या गावांत तळी झाली. रब्बीचे पीक हाती येताना शेजाऱ्यांनी प्रत्यक्ष पाहिले आणि ते स्वतःहून पुढे आले. तळ्यांना 'रेवा सागर' व ती खोदणाऱ्यांना 'भगीरथ कृषक' असे गौरवाने संबोधण्यात आले. 2007 मध्ये मध्य प्रदेश शासनाने बलराम ताल योजनेद्वारे अशा तळ्यांस अनुदानाची जोड दिली.

वर्गात व चावडीवर मांडावयाचे गणित

एक हेक्टर क्षेत्रावर एक सेंटिमीटर पाऊस पडला, तर एक लाख लिटर पाणी मिळते. हंगामात शंभर सेंटिमीटर पाऊस झाल्यास ते एक कोटी लिटर होते. त्यातील पाचवा हिस्सा वाहून जातो असे धरले, तर वीस लाख लिटर पाणी तळ्यात घेता येईल. सहा सेंटिमीटरच्या एका पाळीस हेक्टरी सहा लाख लिटर लागतात. बाष्पीभवन व पाझर वजा जाता गहू-हरभऱ्यास दोन पाळ्या देता येतील. शिक्षकांनी हे गणित मुलांकडून गावच्याच पर्जन्यमानावर सोडवून घ्यावे. ते घरोघर आपोआप पोहोचेल.

घ्यावयाची दक्षता

तळे म्हणजे संपूर्ण मृद्‌संधारण नव्हे. वरच्या शेतातील माती थोपविली नाही, तर काही वर्षांतच तळे गाळाने भरेल. म्हणून ढाळीचे बांध, बांधावर गवत, पाणी आत येण्याच्या तोंडाशी गाळ अडविणारा खड्डा आणि जादा पाण्यासाठी पक्का सांडवा ही कामे तळ्याबरोबरच व्हावीत. माती पाणी धरते की नाही, हे खोदण्यापूर्वी खड्डा घेऊन पाहावे. तळ्यास कुंपण घालावे, म्हणजे मुले व जनावरे सुरक्षित राहतील.

अल्पभूधारकास दहावा हिस्सा देणे जड जाते. त्याच्या बाबतीत शेजाऱ्यांनी मिळून सामाईक तळे करण्याचा पर्याय पडताळून पाहावा. पाणीवाटप मात्र खोदाईपूर्वीच ग्रामसभेत ठरवून लिहून ठेवावे.

विस्तार कर्मचाऱ्याने उद्दिष्टाचा आकडा घेऊन शिवारात जाण्याऐवजी प्रथम शेतकऱ्याचा हिशेब ऐकावा. पटलेल्या हिशेबातून उभे राहिलेले काम शेतकरी स्वतः जपतो. लादलेला बांध मात्र पुढच्या नांगरटीत नाहीसा होतो.