दिवसाचा पडदा, रात्रीचा पडदा

मिरज,
कोजागिरीचा दुसरा दिवस

चि. निनाद यास,


तुझा गेमिंग मॉनिटरचा तक्ता मिळाला. फोनवर तो मावेना, म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या कागदावर काढून आणला. पाच मॉनिटर, सोळा रकाने. तुझी आई सांगत होती की महिनाभर घरात दुसरा विषय नाही. चिकाटी आजोबांची घेतलीस, बरं वाटलं. पण त्या सोळा रकान्यांत तुझ्या वारज्याच्या खोलीचा रकाना कुठे दिसला नाही आणि दिवसभर त्या पडद्यावर काय उघडं असणार, याचाही नाही. मी तीस वर्षं लोकांचे टीव्ही उघडले. पडद्याचं आयुष्य त्याच्या खोक्यावर लिहिलेलं नसतं, समोर बसणाऱ्याच्या सवयीत असतं, हे त्या धंद्यात फार लवकर कळतं.

तेव्हा आधी तुझे काही रकाने मी पेनने खोडले. रागावू नकोस. ‘रिस्पॉन्स टाइम ०.०३ मिलिसेकंद’ हा पहिला. ओएलईडीत मागे दिवा नसतो. प्रत्येक पिक्सेल आपला आपण उजळतो आणि आपला आपण विझतो, म्हणून ते इतकं झटपट होतं. पण पाचही मॉनिटर ओएलईडीच आहेत, पाचांचाही आकडा डोळ्याला न कळण्याइतका लहान आहे, मग त्यात निवडायचं काय? काळ्या रंगाचंही तसंच. हर्ट्झचा रकाना ठेवलाय, पण अर्धा. १७५ हर्ट्झला एक चित्र ५.७ मिलिसेकंद टिकतं, २४० ला ४.२. साठवरून १७५ वर येशील तेव्हा डोळे उघडतील. त्यापुढचा दीड मिलिसेकंद तुला कळेल, असं मला तरी वाटत नाही. शिवाय तुझं ग्राफिक कार्ड मोठ्या गेममध्ये तितक्या फ्रेम काढणार आहे का, ते आधी बघ.

आता आकार. यावर मात्र जरा बसू.

तू ३४ इंची एलियनवेअर, ३४ इंची एलजी, ४५ इंची एलजी, त्याच आकाराचा नवा ‘५के२के’ आणि ४९ इंची सॅमसंग ओडिसी जी९ असे एका रांगेत उभे केलेस. ही रांगच चुकीची आहे. ३४ इंची म्हणजे २७ इंची मॉनिटरला दोन्ही बाजूंनी फोडलेले पंख, उंची तीच. ३४४० बाय १४४०, एका इंचात ११० ठिपके. ४५ इंची पहिल्या एलजीवरही पिक्सेल तेवढेच आहेत, फक्त ताणून पसरलेले, त्यामुळे इंचाला ८३ च पडतात. चपातीचा गोळा तेवढाच ठेवून परातीएवढी लाटली, तर पलीकडचं दिसायला लागतं ना, तसं. सोफ्यावर बसून गाड्या पळवायला ते चालेल. तुझं टेबल दोन फूट खोल, त्यात स्टँड सहा-आठ इंच खाणार. तिथून अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसतील.

जी९ म्हणजे दोन २७ इंची एकमेकांना चिकटवलेले. रुंदी जवळजवळ १२० सेंटिमीटर, म्हणजे चार फूट. तुझं टेबल चार फुटांचं आहे, गेल्या दिवाळीत मीच मोजलं होतं. पाण्याची बाटली कुठे ठेवणार? राहिला ५के२के. तो खरोखर सुंदर आहे, इंचाला १२५ ठिपके, अक्षर छापल्यासारखं. पण ५१२० गुणिले २१६० करून बघ. एक कोटी दहा लाख पिक्सेल. ३४ इंचीत ते पन्नास लाखांच्या आत बसतात. दुपटीहून जास्त चित्र रंगवायचं काम तुझ्या कार्डाला, आणि मॉनिटर घेतल्यावर नवीन कार्डाला पैसे कुठले? म्हणून ३४ वर थांब. एक गंमत सांगतो, ३४४० ला १४४० ने भाग, उत्तर २.३९ येतं. सिनेमास्कोप चित्रपटाचं आजचं मापही तेच. रुंद पडदा ही गेमवाल्यांची कल्पना नव्हे, थिएटरवाल्यांची आहे.

मात्र रुंदी सगळीकडे मिळत नाही. फ्लाइट सिम्युलेटरमध्ये लोहगावहून उडून सह्याद्री ओलांडशील तेव्हा ती वसूल होईल. तुझ्या लाडक्या एल्डन रिंगमध्ये होणार नाही, तो गेम रुंद पडद्यावरही १६:९ च चित्र दाखवतो आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडतो. धाकट्याचा प्लेस्टेशन ५ जोडलास तरी तेच. आणि या काळ्या पट्ट्या नुसत्या जागा खात नाहीत, बरं का. ते कळायला तुला एक जुनी गोष्ट ऐकावी लागेल.

१९९० च्या सुमाराला इथे स्टेशनजवळ एक व्हिडिओ गेम पार्लर होतं. मालकाने एकदा बोलावलं, ‘ट्यूब वीक झालीय, बघा जरा.’ मशीनचा प्लग काढला होता, दारातून सकाळचं ऊन आत येत होतं. बंद काचेवर पॅकमनचा अख्खा चक्रव्यूह दिसत होता. भिंती, कोपरे, मधली भुतांची खोली, सगळं, तपकिरी सावलीसारखं. हाताने पुसून बघितलं, कारण पहिल्यांदा कुणालाही ती घाणच वाटते. चित्रात भुतं हलायची, पॅकमन हलायचा, पण भिंती वर्षानुवर्षं एकाच जागी उजळत राहिल्या आणि तिथलं फॉस्फर जळून गेलं. मी ट्यूब बदलून दिली. पुढे प्लाझ्मा आले तेव्हा एका हॉटेलच्या लॉबीत बातम्यांच्या वाहिनीची खालची पट्टी अशीच कोरली गेलेली पाहिली. मालक क्रिकेट लावायचा आणि खेळाडू त्या पट्टीवरून पळायचे.

ओएलईडीची जात याच घराण्यातली आहे. पिक्सेल सेंद्रिय रसायनाचा, जेवढा जळेल तेवढा थकणार, आणि त्यातही निळा सगळ्यांत आधी. कंपन्यांनी बरेच उपाय केलेत. चित्र गुपचूप एक-दोन पिक्सेल सरकवतात, स्थिर चिन्ह ओळखून मंद करतात. त्यामुळे वय लांबतं, पण स्वभाव तोच राहतो. आता काळ्या पट्ट्यांचं बघ. दीडशे तास एल्डन रिंग खेळलास, तर मधला भाग दीडशे तास झिजला आणि दोन्ही कडा कोऱ्या राहिल्या. महिन्यात काही होत नाही. पण वर्षानुवर्षं तेच चाललं, तर एखाद्या दिवशी राखाडी पान उघडशील आणि कडा उजळ वाटतील.

आणि हा प्रश्न गेमपेक्षा तुझ्या नोकरीचा जास्त आहे. आठवड्यातले तीन दिवस तू घरून काम करतोस. नऊ तास तोच कोडचा एडिटर, डावीकडे तीच फायलींची यादी, खाली तीच टास्कबार. तुझ्या पॅकमनच्या भिंती या. रात्रीचे दोन तास खेळण्यासाठी जो पडदा घेतोस, त्याला दिवसाचे नऊ तास राबवणार असशील, तर पाचांतला कुठलाही घे, मी त्याला पसंती देणार नाही. तुझा आताचा २४ इंची साधा (आयपीएस) मॉनिटर तू ‘विकून टाकतो’ म्हणालास. विकू नकोस. काम त्याच्यावर कर. नवा संध्याकाळी सातनंतर लाव. याहून मोठा सल्ला माझ्याकडे नाही, बाकीचं सगळं यातूनच सुटतं बघ.

म्हणजे कसं? तुझं सगळ्यांत मोठं भांडण क्यूडी-ओएलईडी की डब्ल्यू-ओएलईडी हे ना? पहिलं सॅमसंगच्या पॅनेलचं, दुसरं एलजीच्या. एलजीवाले पांढरा उजेड तयार करून रंगीत गाळण्यांतून सोडतात आणि चौथा पांढरा ठिपकाही ठेवतात, त्यामुळे खूप उजळ भागात रंग जरा धुतल्यासारखा होतो. सॅमसंगमध्ये मूळ उजेड निळा, आणि तांबडा व हिरवा क्वांटम डॉट्स नावाचे अतिसूक्ष्म कण बनवतात. हे तेच क्वांटम डॉट्स, ज्यांच्यासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यातला तांबडा एकदा बघच, आमच्या जमान्यात असा तांबडा फक्त कुंकवाच्या दुकानात दिसायचा. पण या पॅनेलला ध्रुवक नाही, म्हणजे बाहेरचा उजेड गिळणारा तो थर नाही. खोलीत ऊन आलं की काळा रंग जांभळट राखाडी होतो. एलजीचा काळाच राहतो. दुकानात दोन्ही बंद मॉनिटरवर फोनची बॅटरी तिरकी मारून बघ, कुणी समजावून सांगावं लागणार नाही.

तुझी खिडकी पश्चिमेची, दुपारी तीननंतर खोली भट्टी. दिवसभर वापरणार असतास तर मी डोळे मिटून एलजी म्हटलं असतं. पण दिवस आपण जुन्या मॉनिटरला देऊन टाकला, तेव्हा खिडकीचा मुद्दा निम्म्याहून अधिक निकालात निघाला. रविवारी दुपारी खेळायचं असेल तर जाड पडदा शिवून घे, तुझ्या मामीकडे कापड पडून आहे. रात्री, अंधारात, फक्त खेळायला, तर मी क्यूडी-ओएलईडीवाल्या एलियनवेअरकडे झुकतो. दुसरं कारण वळणाचं. त्याचं वळण १८००आर आहे, म्हणजे १.८ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. एलजीच्या ३४ इंचीचं ८००आर, म्हणजे चांगलंच पन्हाळीसारखं. गाडीच्या गेममध्ये मजा येते म्हणतात, पण एक्सेलची सरळ रेघ वाकलेली दिसली की माझं तर डोकं फिरतं.

अक्षरांबद्दलही सांगतो, कारण इंग्रजीत लिहिणारे हे सांगणार नाहीत. क्यूडी-ओएलईडीत तीन रंगांचे ठिपके एका ओळीत नसतात, त्रिकोणात असतात. वर हिरवा, खाली तांबडा आणि निळा. म्हणून काळ्यावर पांढरी आडवी रेघ काढली की वरच्या कडेला हिरवट आणि खालच्या कडेला जांभळट झाक येते. इंग्रजीत आडव्या रेघा तुटक तुटक. आपल्याकडे प्रत्येक शब्दाला शिरोरेघ! दुकानात नोटपॅड उघडून मराठीत चार ओळी टाइप कर, अक्षर १०० टक्क्यांवर ठेव आणि रेघेकडे बघ. एलजीच्या पॅनेलवर ठिपके शेजारी शेजारी असतात, तिथे रेघ बरी आणि काना रंगतो. नवीन पॅनेलांत हा दोष बराच कमी झालाय. तुला त्याचा त्रास होतो की नाही, हे तुझ्याशिवाय कुणी सांगू शकत नाही.

बाकी किरकोळ. लख्ख पांढरं पान पूर्ण उघडलंस की पडदा आपणहून मंद होईल, ते बिघाड समजून फोन करू नकोस. एलियनवेअरवर इवल्याशा जागेत १००० निट्स उजेड पडतो, पूर्ण पांढऱ्यावर तो २५० च्या आसपास उतरतो. अंधाऱ्या दृश्यात फ्रेम खालीवर झाल्या की उजेड फडफडतो, तेही या जातीचं दुखणं. अशा वेळी फ्रेमला मर्यादा घाल किंवा त्या गेमपुरता व्हीआरआर (फ्रेमप्रमाणे हर्ट्झ बदलणारी सोय) बंद ठेव. पुसायला चष्म्याचं कोरडं फडकं घे. मामीचा स्प्रे नको आणि जोरात घासणंही नको, क्यूडीच्या पृष्ठभागावर ओरखडे पटकन पडतात.

रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची आपल्या घराची सवय आहे, आजोबांनी लावलेली. या एका वस्तूसाठी ती मोड. साधारण चार तास वापर झाला असला की नंतर स्टँडबायमध्ये गेल्यावर पॅनेल स्वतःची डागडुजी करतं, प्रत्येक पिक्सेल किती थकला ते मोजून भरपाई करतं. त्याला तेवढी वीज हवी. तू मुळापासून बंद केलंस तर बिचारं उपाशी झोपतं. वारज्यात वीज जात असेल तर छोटा यूपीएस घे.

अमेरिकेहून तुझ्या ताईबरोबर मागवायचा विचार मात्र सोड. खोक्यापेक्षा हमीचा कागद महत्त्वाचा आणि तिकडची हमी इकडे चालेलच असं नाही. या जातीत काही कंपन्या तीन वर्षांची हमी देतात, पण कागदावर ‘बर्न-इन’ हा शब्द स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय पैसे देऊ नकोस. ‘सगळं कव्हर आहे साहेब’ हे वाक्य मीही गिऱ्हाइकाला अनेकदा ऐकवलंय, म्हणून सांगतो. खोकं उघडताना व्हिडिओ काढ, आणि खोकं तीन वर्षं माळ्यावर ठेव, आई कितीही बोलली तरी.

मी दिवाळीच्या पाडव्याला येतोय. तोवर घेतला असशील तर मला त्यावर तो सह्याद्री दाखव. लोणावळ्याच्या वरून हळू ने, मला उलटी होते.

तुझा,
मामा

ता. क. टेबलाची खोली पुन्हा एकदा मोजून कळव. भिंतीपासून टेबलाच्या कडेपर्यंत नको, स्टँडपासून तुझ्या नाकापर्यंत.