पाण्यावरची रेघ आणि पंधरा नौसैनिक

न टिकणाऱ्या गोष्टीला आपण पाण्यावरची रेघ म्हणतो. पण नकाशावर पाण्यातही रेघा असतात, आणि त्या ओलांडल्या की नाही यावरून माणसं कैदेत पडतात. अशाच एका घटनेचा आज अभ्यास करू. वाङ्मय मंडळात हा विषय कशाला, असं कुणी म्हणेल. तर हा वाद जितका नकाशाचा, तितकाच शब्दांचा होता, म्हणून.

१. काय घडलं?

तारीख २३ मार्च २००७. पर्शियन आखाताच्या उत्तर टोकाला, शत अल-अरब नदीच्या मुखाबाहेर ब्रिटनची ‘कॉर्नवॉल’ ही युद्धनौका गस्त घालत होती. इराक सरकारच्या संमतीने आणि सुरक्षा परिषदेच्या ठरावानुसार तिथल्या जहाजांची तपासणी चाले. त्या सकाळी दोन छोट्या बोटींतून पंधरा जण एका व्यापारी गलबताच्या तपासणीला गेले. आठ नौसैनिक, सात मरीन. त्यांत एक स्त्री. गलबतावर ध्वज होता भारताचा. तपासणी संपवून खाली उतरतात तोच इराणच्या रिव्होल्यूशनरी गार्डच्या बोटींनी त्यांना घेरलं आणि आपल्या किनाऱ्यावर नेलं. गोळीबार झाला नाही.

२. दोघांचं म्हणणं

ब्रिटनने अक्षांश-रेखांश जाहीर केले आणि सांगितलं की आमची माणसं इराकच्या हद्दीत १.७ सागरी मैल, म्हणजे सुमारे तीन किलोमीटर आत होती. इराण म्हणाला, ती आमच्या हद्दीत सुमारे अर्धा किलोमीटर आत घुसली होती. ब्रिटनचा आणखी एक आक्षेप होता. इराणने आधी दिलेली जागा खुद्द इराकच्याच पाण्यात पडत होती. हे दाखवून दिल्यावर इराणने दुसरी जागा सांगितली.

३. रेघ कुणी मारली?

इथे जरा थांबा. १९७५ साली इराण आणि इराक यांच्यात करार झाला. नदीतली सीमा तिच्या मुख्य जलमार्गाच्या खोल भागातून जाईल, असं त्यात ठरलं. पण नदी संपून समुद्र लागला की पुढे काय? तिथली सीमा दोघांनी मिळून ठरवलेलीच नव्हती. दोन भावांनी विहिरीपर्यंत मोजणी करून घ्यावी आणि विहिरीपलीकडचा बांध तसाच ठेवावा, तसं झालं. उपग्रहावर चालणारं यंत्र तुम्ही कुठे आहात ते बिनचूक सांगतं. ती जागा कुणाची, हे मात्र ते सांगत नाही. त्यासाठी दोन माणसांचं एकमत लागतं.

आणखी एक मुद्दा. १९८२ च्या समुद्रविषयक आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे परकी युद्धनौका किनारी देशाचे नियम मोडत असेल, तर तो देश तिला ताबडतोब निघून जायला सांगू शकतो. पण युद्धनौकेला कायद्याचं संरक्षणही असतं. इराणने या करारावर सही केली आहे, पण त्याला अंतिम मंजुरी दिलेली नाही. म्हणजे ‘कुणाच्या पाण्यात?’ हे ठरलं असतं तरी ‘मग पुढे काय करायचं?’ हा प्रश्न उरलाच असता.

४. शब्दांची झटापट

इराणच्या दूरचित्रवाणीवर काही नौसैनिक ‘आम्ही हद्द ओलांडली’ असं बोलताना दिसले. इराणने तिला कबुली म्हटलं. परतल्यावर मात्र त्यांनी सांगितलं की डोळ्यांवर पट्टी बांधली, एकेकट्याला कोंडलं, आणि कबूल केलं नाही तर सात वर्षांपर्यंत तुरुंगात जाल असा धाक घातला. आता तुम्हीच सांगा, ज्याच्या हाती दाराची कडी नाही त्याच्या तोंडच्या शब्दाला कबुली म्हणायचं का?

५. सुटका कशी झाली?

ब्रिटनने इराणशी बाकीचे अधिकृत व्यवहार थांबवले. २९ मार्चला सुरक्षा परिषदेने तीव्र चिंता व्यक्त केली. पण गाठ सुटली ती आवाज खाली आल्यावर. ३ एप्रिलला इराणचे अली लारीजानी आणि ब्रिटिश पंतप्रधानांचे सल्लागार नायजेल शाइनवाल्ड फोनवर बोलले. दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष अहमदीनेजाद यांनी आधी आपल्या सागरी रक्षकांना पदक दिलं, आणि मग पैगंबरांची जयंती व ईस्टर यांचा उल्लेख करत ही सुटका म्हणजे ब्रिटिश जनतेला भेट असल्याचं जाहीर केलं. ५ एप्रिलला पंधराही जण घरी पोचले. इराण म्हणाला, आम्ही क्षमा केली. ब्रिटन म्हणाला, आम्ही कसलाही सौदा केला नाही. दोघांनी आपापला शब्द राखला. रेघ होती तिथेच, न ठरलेली, राहिली.

घरी आल्यावर त्या तरुणांना वेगळंच ऐकावं लागलं. कॅमेऱ्यासमोर हसलात कसे, भेटवस्तू घेतल्या कशा, अशी टीका त्यांच्याच देशातल्या वर्तमानपत्रांत झाली. आपली कहाणी विकायची परवानगी सरकारने आधी दिली आणि गदारोळ झाल्यावर तसं करण्यावर बंदी घातली. आरामखुर्चीतून दुसऱ्याचं धैर्य मोजणं किती सोपं असतं, बघा.

मला या घटनेतून कळलं ते एवढंच: जिथे रेघच ठरलेली नाही, तिथे ‘आम्हीच बरोबर’ असं कितीही ओरडलं तरी कोंडलेल्याचं दार उघडत नाही. समोरच्याला मान खाली न घालता मागे सरकायला जागा ठेवली, तर ते उघडतं. ही जागा शब्दच करून देतात. म्हणून शब्द जपून वापरायचे.

विचार करा, लिहा:
१. ‘अटक’, ‘ताब्यात घेणं’, ‘अपहरण’ आणि ‘ओलीस’ यांपैकी कोणता शब्द तुम्ही या बातमीत वापराल? का?
२. ‘भेट’ म्हणून केलेली सुटका आणि ‘हक्क’ म्हणून मिळालेली सुटका यांत फरक काय?
३. गलबतावरच्या एखाद्या भारतीय खलाशाच्या नजरेतून हा प्रसंग दहा-बारा ओळींत लिहा. मंडळाच्या पुढच्या बैठकीत वाचून दाखवा.