नकुशी : एका नावाचा अर्थ

अपत्याचे नाव ठेवताना आईवडील त्याच्याविषयीची आपली इच्छा त्या नावात गुंफतात. विद्या, शांता, यशोदा या नावांतून अशी शुभेच्छा प्रकट होते. परंतु महाराष्ट्राच्या काही भागांत, विशेषतः सातारा जिल्ह्यात, मुलींचे एक नाव असे होते की ज्यात त्या मुलीसाठी कोणतीही शुभेच्छा नव्हती. ते नाव म्हणजे 'नकुशी'.

'नको' या शब्दाला 'सा' हा प्रत्यय लागून 'नकोसा' हे विशेषण तयार होते. त्याचे स्त्रीलिंगी रूप 'नकोशी'. बोलीभाषेत त्याचेच 'नकुशी' किंवा 'नकुसा' असे विशेषनाम झाले. मुलग्याची वाट पाहणाऱ्या घरात तिसरी किंवा चौथी मुलगी जन्मली, की तिला हे नाव दिले जाई. असे केल्याने पुढचे अपत्य मुलगा होईल, अशी समजूत होती.

दगडू, धोंडू, केरबा ही नावेही वरवर पाहता हीन वाटतात. मात्र त्यांच्यामागील भावना वेगळी आहे. आधीची मुले दगावलेल्या घरात, नव्या बाळाला दृष्ट लागू नये व ते जगावे, म्हणून अशी नावे ठेवली जात. 'दगडू' या नावात बाळाविषयीची काळजी दडलेली असते. 'नकुशी' या नावात मात्र काळजी असते ती अजून न जन्मलेल्या भावाची.

ही प्रथा एकट्या मराठी भाषेची नाही. तमिळमधील 'वेंडाम' म्हणजे 'नको'. बंगालीतील 'आन्नाकाली' म्हणजे 'कालीमाते, आता आणखी नको'. हरियाणातील 'भतेरी' म्हणजे 'पुष्कळ झाल्या'. राजस्थानातील 'धापू' म्हणजे 'पोट भरले'. चीनमधील 'झाओदी' या नावाचा अर्थ 'धाकट्या भावाला बोलावून आण' असा होतो. भाषा बदलली, तरी नावामागची अपेक्षा बदललेली नाही.

या समजुतीला शास्त्रीय आधार नाही. अपत्याचे लिंग पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते; आधीच्या मुलीच्या नावाशी त्याचा संबंध नसतो. नावाचा परिणाम होतो तो ते धारण करणाऱ्या मुलीवर. शाळेतील हजेरीत, अंगणातील खेळात, प्रत्येक हाकेसरशी आपण नको होतो, हेच तिच्या कानी पडते.

महाराष्ट्रात 0 ते 6 वयोगटात दर हजार मुलग्यांमागे 2001 साली 913 मुली होत्या. 2011 साली ही संख्या 894 वर आली. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात सातारा येथे जिल्हा प्रशासनाने नामकरणाचा समारंभ घडवून आणला. 285 मुलींनी जुने नाव टाकून नवे नाव स्वीकारले व त्या नावाची प्रमाणपत्रे त्यांना देण्यात आली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली.

नाव बदलल्याने समाजाची दृष्टी एका दिवसात बदलत नाही. तरीही, ज्या मुलीला जन्मतः 'नको' म्हटले गेले, तिने स्वतःसाठी हवे ते नाव घेणे ही त्या बदलाची सुरुवात आहे.

शब्दार्थ
गुंफणे – ओवणे
हीन – कमी दर्जाचे
दगावणे – मरण पावणे

स्वाध्याय
1. 'दगडू' आणि 'नकुशी' या नावांमागील भावनांतील फरक स्पष्ट करा.
2. आपल्या परिसरातील एका स्त्रीच्या नावाचा अर्थ शोधून पाच ओळी लिहा.